अपुऱ्या उजेडातला खेळ

३० जुलै २०२२. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत भारताचं पहिलं पदक सांगलीच्या संकेत सरगरने मिळवलं. वेटलिफ्टिंगचा ५५ किलो वजनी गट, स्नॅचमध्ये ११३ किलो, क्लीन अँड जर्कमध्ये १३५, एकूण २४८ किलो आणि रौप्यपदक. सुवर्ण मलेशियाच्या मोहम्मद अनिककडे गेलं, तेही अवघ्या एका किलोने. १३९ किलोचा बार पेलताना संकेतचा उजवा कोपर दुखावला होता. तरी तो शेवटच्या प्रयत्नाला उभा राहिला, आणि पदक स्वीकारायला आला तेव्हा हात गळ्यातल्या झोळीत होता. हे सगळं जगाला स्वच्छ दिसलं, कारण त्या हॉलमधला उजेडच मुळी कॅमेऱ्यांसाठी लावलेला होता.

त्याआधीची कित्येक वर्षं हाच मुलगा वडिलांच्या पानटपरीला आणि चहाच्या गाड्याला हातभार लावत सांगलीत वजन उचलत होता. खेळाडूच्या आयुष्यातल्या अशा वर्षांचे फोटो जिल्ह्यात सहसा निघत नाहीत. निघतात ते बक्षीस समारंभाचे. वर्तमानपत्राचं जिल्ह्याचं पान उघडलं की मध्ये प्रमुख पाहुणे, शेजारी आयोजक, कडेला ढाल धरलेला खेळाडू. ज्या खेळासाठी ही मंडळी जमली, तो खेळ त्या फोटोत कुठेच नसतो. हे छायाचित्रकाराच्या आळसामुळे होतं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. स्थिर उभ्या माणसांना ट्यूबलाइटचा उजेड पुरतो, हवेत झेपावलेल्या खेळाडूला पुरत नाही. या दोन वाक्यांत सांगता येणाऱ्या अडचणीने सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या खेळाचा मोठा भाग डोळ्यांआड ठेवला आहे. आणि हे दोन जिल्हे म्हणजे काही क्रीडेच्या नकाशावरचे कोपरे नव्हेत. नंदू नाटेकर सांगलीत जन्मले. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. हिंदकेसरी मारुती माने कवठेपिरानचे, हिंदकेसरी गणपत आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे.

आता पहिला प्रश्न उजेडाचाच. भर दुपारी उघड्या मैदानावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. बऱ्यापैकी दिवे असलेल्या बहुउद्देशीय हॉलमध्ये तो तीनशे लक्सच्या आसपास भरतो, म्हणजे तीनशे पटींहून कमी. डोळ्याला हा फरक एवढा मोठा वाटतच नाही. बाहुली मोठी होते, दृष्टिपटल सरावतं, आणि दारातून आत आलेल्या माणसाला दोन मिनिटांत सगळं ठीक दिसू लागतं. कॅमेऱ्याला असं सरावता येत नाही. त्याच्यापाशी तीनच साधनं आहेत: लेन्सचं ॲपर्चर किती उघडायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं आणि सेन्सरचा आयएसओ किती चढवायचा.

धावता, उडी मारता खेळाडू गोठवायचा तर शटर सेकंदाच्या ५००व्या भागापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवून चालत नाही. तीनशे लक्सच्या हॉलमध्ये, कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या साध्या झूम लेन्सने (तिचं ॲपर्चर लांबच्या टोकाला एफ ५.६ असतं) हा वेग गाठायला आयएसओ जवळजवळ १२८०० लागतो. एफ २.८ ची महागडी झूम लेन्स असेल तर ३२०० वर भागतं. आणि ८५ मिलिमीटरची एफ १.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स लावली, तर तोच फोटो १२५० च्या आसपास निघतो. म्हणून छायाचित्रणाची हौस असलेल्या शाळामास्तराला किंवा क्लबच्या कार्यकर्त्याला पहिला सल्ला द्यायचा तो हाच: नवा कॅमेरा घेण्याआधी एफ १.८ ची एक लेन्स घ्या. ५० मिलिमीटरची तर झूमच्या मानाने बरीच स्वस्तात मिळते. झूम नाही म्हणजे पाय हलवावे लागतात, पण तालुक्याच्या स्पर्धेत मैदानाच्या रेषेला खेटून बसायला मिळतं. तो फायदा मोठ्या शहरातल्या स्टेडियममध्ये मिळत नाही.

आयएसओ चढवला की फोटोत दाणे येतात. दूरचं रेडिओ स्टेशन ऐकायला आवाज मोठा केला की गाण्याबरोबर खरखरही वाढते, त्यातलाच हा प्रकार. सेन्सरवर पडलेला थोडासा प्रकाश वाढवून वाचताना त्यातला गोंगाटही वाढतो. नवखे या दाण्यांना फार घाबरतात आणि आयएसओ ८०० वर अडकून शटर हळू ठेवतात. परिणाम असा की दाणे नाहीत, पण खेळाडूच्या जागी धुरकट पट्टा. हा सौदा चुकीचा आहे. दाणेदार पण रेखीव चेहरा वर्तमानपत्राच्या कागदावर उत्तम उतरतो. हललेला चेहरा कशानेही सरळ होत नाही. आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. कमी आयएसओवर काळपट फोटो काढून नंतर संगणकावर उजळवला, तर दाणे कमी होत नाहीत, पुष्कळदा वाढतात. आयएसओ धीटपणे चढवून जागेवरच योग्य उजेड घेतलेला फोटो अधिक स्वच्छ असतो.

इथपर्यंतचं गणित कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडेल. हॉलमध्ये खरी फजिती होते ती वेगळ्याच कारणाने. एकाच जागेवरून, एकाच सेटिंगवर, पाठोपाठ दहा फोटो काढावेत आणि त्यातले तीन उजळ, चार पिवळसर, तीन काळपट निघावेत, हा अनुभव हॉलमध्ये फोटो काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूब आणि मेटल हॅलाइडचे दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि शंभर वेळा मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही. पण सेकंदाच्या ५००व्या भागात कॅमेऱ्याला त्या चढउताराचा पाचवा हिस्साच दिसतो. कधी लाटेचा माथा, कधी तळ. मेटल हॅलाइडच्या दिव्याचा तर प्रकाशाबरोबर रंगही बदलत राहतो. शटर आणखी वेगवान केलं तर एकाच फोटोच्या वरच्या भागात एक रंग आणि खालच्या भागात दुसरा असे पट्टे उमटतात, कारण वेगवान शटर संपूर्ण सेन्सर एकदम उघडत नाही, एक अरुंद फट त्याच्यावरून सरकत जाते.

यावरचा कॅमेऱ्यातला उपाय तसा अलीकडचा आहे. २०१४ मध्ये कॅननने ईओएस ७डी मार्क टू या कॅमेऱ्यात दिव्याची लय ओळखून नेमका माथ्यावरच फोटो घेणारी सोय दिली. पुढे इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही ती आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सोनीने ए ९ थ्री जाहीर केला. त्यात सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, त्यामुळे पट्ट्यांचं मूळच जातं. पण तो कॅमेरा जिल्ह्याच्या वार्ताहराच्या हाती यायला वेळ लागेल. तोवर एक बिनखर्चाचा उपाय आहे, तो म्हणजे हॉलच्या वायरमनशी ओळख. छतावरचे दिवे तीन फेजमध्ये वाटून जोडलेले असले, तर एका रांगेचा उजेड मंदावतो तेव्हा दुसरीचा वाढलेला असतो, आणि एकूण उजेड बराच स्थिर राहतो. सगळे दिवे एकाच फेजवर असले की लुकलुक पूर्ण जोमाने दिसते. हॉलच्या कोणत्या भागात तीनही रांगांचा उजेड एकत्र पडतो हे वायरमन बोट दाखवून सांगू शकतो. तोच माणूस आणखी एक गोष्ट सांगेल: वीज गेली तर मेटल हॅलाइडचे दिवे थंड होऊन पुन्हा पूर्ण तेजाने पेटायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात पंचांनी सामना सुरू केला तर सगळे आकडे नव्याने बसवावे लागतात. एलईडी आल्यापासून पुष्कळ हॉल सुधारले. मात्र स्वस्तातले एलईडी अनियमित लुकलुकतात. मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ लावून दिव्याकडे धरला की कळतं, दिवे कसे आहेत ते.

प्रत्येक खेळाचा अंधार वेगळा असतो, आणि त्यामागे त्या खेळाचीच गरज असते. बॅडमिंटनचं पाहा. फूल वजनाला जेमतेम पाच ग्रॅम. वाऱ्याच्या झुळकीने ते वाकडं जातं. म्हणून खिडक्या बंद, पंखे बंद. पांढरं फूल उठून दिसावं म्हणून मागची भिंत गडद. वर पाहताना डोळे दिपू नयेत म्हणून कोर्टाच्या थेट डोक्यावर दिवे नाहीत, ते दोन्ही बाजूंना. खेळाडूच्या सोयीसाठी केलेली ही प्रत्येक योजना छायाचित्रकाराचा उजेड कमी करते. पण बाजूने येणारा तोच प्रकाश चेहऱ्याला आणि दंडाला उठाव देतो. खेळाडू कोर्टाच्या कडेला सरकला की दिव्याच्या जवळ येतो, आणि मध्यभागापेक्षा तिथे उजेड बराच जास्त असतो. हे ध्यानात ठेवणारा माणूस कोर्टाच्या मागच्या कोपऱ्याकडे लेन्स रोखून थांबतो.

फुलाच्या वेगाचीही थोडी कल्पना हवी. सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा २०२३ मध्ये नोंदलेला वेग ताशी ५६५ किलोमीटर, हा गिनीज विक्रम आहे. तो प्रयोगाच्या परिस्थितीत मोजलेला. चांगल्या खेळाडूचा ताशी ३६० किलोमीटरचा स्मॅश धरला, तरी सेकंदाच्या हजाराव्या भागात फूल दहा सेंटिमीटर पुढे जातं, म्हणजे स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त. स्मॅश बसताक्षणी फूल रेखीव मिळणं जिल्ह्याच्या हॉलमध्ये अशक्य समजावं. पण पिसांमुळे हवा त्याला झपाट्याने अडवते, आणि जाळीजवळच्या ड्रॉपला तर ते तरंगतच येतं. उडी मारून स्मॅश करणारा खेळाडूही उडीच्या टोकाला क्षणभर ना वर जात असतो ना खाली. रॅकेट मागे, डावा हात वर, नजर फुलावर. त्या क्षणी सेकंदाचा २५०वा भागही पुरतो. हा क्षण फूल रॅकेटला लागण्याच्या किंचित आधीचा. आवाज ऐकून बटण दाबणाऱ्याच्या हाती तो कधीच लागत नाही.

नंदू नाटेकरांचा उल्लेख इथे केवळ अभिमानापोटी नाही. १२ मे १९३३ रोजी सांगलीत जन्मलेल्या या खेळाडूने १९५४ मध्ये ऑल इंग्लंडची उपांत्यपूर्व फेरी गाठली. १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून परदेशात बॅडमिंटनचं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय ठरण्याचा मान मिळवला. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, त्या पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत ते होते. त्यांच्या मनगटाबद्दल, बॅकहँडबद्दल मराठीत भरभरून बोललं जातं. त्या मानाने तो बॅकहँड प्रत्यक्ष मारतानाचा फोटो आजच्या वाचकाला क्वचितच दिसतो. त्या काळातल्या फिल्म आणि फ्लॅशबल्ब पाहता त्यात नवल नाही. एक बल्ब एकदाच पेटायचा. फोटो घेतला की पोळणारा बल्ब काढून दुसरा बसवायचा, तोवर पुढचे चार गुण होऊन गेलेले. कोडॅकची ट्राय-एक्स ही वेगवान फिल्म ३५ मिलिमीटरमध्ये १९५४ साली आली, आणि ती जास्त वेळ डेव्हलप करून आणखी वेगवान करून घेण्याची युक्ती पुढे जगभरच्या डार्करूममध्ये रुळली. तरीही रोलमध्ये फोटो छत्तीसच. २००७ मध्ये निकॉनने डी३ आणला आणि ६४०० आयएसओ वापरण्याजोगा झाला, तेव्हा हॉलमधल्या खेळांचं छायाचित्रण खऱ्या अर्थाने मोकळं झालं. आज त्याहून सरस काम करणारे कॅमेरे जुन्या बाजारात मध्यम किमतीला मिळतात. म्हणजे जी अडचण नाटेकरांच्या पिढीत सोडवता येण्यासारखी नव्हती, ती आता सोडवता येते. या विषयावर मराठीत विस्ताराने लिहिण्याचं कारण एवढंच, आणि ते पुरेसं आहे.

खाशाबांचीही तीच कथा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दोन्ही वेळा कुस्त्या बंदिस्त हॉलमध्ये झाल्या: लंडनला एम्प्रेस हॉलमध्ये, हेलसिंकीला मेस्सुहालीमध्ये. पदक घेऊन परतल्यावर कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती गोष्ट या भागात अजून सांगितली जाते. पण खाशाबा म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर येतो तो बहुधा कॅमेऱ्याकडे पाहत उभा असलेला पैलवान. डाव टाकतानाचे खाशाबा कल्पनेनेच पाहावे लागतात. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात त्यांच्या नावाचा कुस्तीचा हॉल आहे, तिथे आज लढणाऱ्या मुलांचे मात्र एका दिवसात हजारो फोटो निघतात.

तालमीतला अंधार हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात देखणा. जाड भिंती, ठेंगणं दार, एखाददुसरा झरोका, कोनाड्यात मारुती. हौद्यातली तांबडी माती तेल, ताक, लिंबू, हळद, काव घालून मळलेली आणि ओलसर ठेवलेली. ऊन आत आलं तर ती वाळते. पहाटे जोर-बैठका सुरू होतात तेव्हा एक बल्ब तेवढा लटकत असतो. मग उजाडतं आणि दारातून उजेडाचा एकच पट्टा तिरका आत पडतो. या पट्ट्यात फोटो मिळतो, बाकी ठिकाणी नाही. पैलवानाच्या अंगाला माती लागलेली असते तिथे कातडीची चमक मरते, घाम आलेला असतो तिथे ती वाढते. त्यामुळे एकाच पाठीवर मंद आणि लखलखीत असे दोन पोत शेजारी दिसतात, आणि खांद्याचा स्नायू कसा ताणला आहे ते रेषेरेषेने कळतं. कॅमेऱ्याचा मीटर इथे हमखास फसतो. त्याला एवढा अंधार पाहून वाटतं फोटो काळा पडेल, म्हणून तो उजेड वाढवतो, आणि नेमका पट्ट्यातला चेहरा पांढराफटक करून टाकतो. एक-दोन स्टॉप उणे करून, भिंत काळी पडू देऊन, चेहरा वाचवायचा.

फ्लॅश तालमीत वापरू नये. पहिलं कारण तांत्रिक: झटापटीत उडालेली माती हवेत तरंगत असते, फ्लॅशच्या उजेडात तिचे पांढरे ठिपके होऊन फोटोभर पसरतात. दुसरं कारण वस्ताद सांगतील. डाव लागत असताना डोळ्यांवर चमक आली तर मानेवर बेतू शकतं. चपला दाराबाहेर काढायच्या, हौद्यात पाय ठेवायचा नाही, आणि आधी वस्तादांना विचारायचं. हे शिष्टाचार पाळणाऱ्याला तालीम स्वतःहून जागा करून देते. मोठ्या बॅडमिंटन स्पर्धांत तर फ्लॅशला मनाईच असते. परदेशात बास्केटबॉलच्या हॉलमध्ये छतात मोठे स्ट्रोब बांधून फोटो काढण्याची जुनी परंपरा आहे, पण ते दिवे खूप उंचावर, खेळाडूच्या नजरेबाहेर असतात. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश ही गोष्टच निराळी.

कुस्तीचं मैदान उघड्यावर असतं, पण अंधाराचा प्रश्न तिथेही सुटत नाही. पलूस तालुक्यातलं कुंडल असो की एखाद्या गावच्या यात्रेतला आखाडा, छोट्या इनामाच्या कुस्त्या आधी लागतात आणि एक नंबरची जोड सगळ्यात शेवटी, दिवस मावळतीला. म्हणजे दिवसभरात सगळ्यात कमी उजेड असतो तेव्हाच सगळ्यात मोठी कुस्ती. दुपारी २०० आयएसओवर सुरू केलेलं काम सलामी होईतो ६४०० वर गेलेलं असतं. ज्याने मधल्या कुस्त्यांत आकडे बदलत ठेवले नाहीत, तो खडाखडी चालू असताना कॅमेऱ्याची बटणं शोधत बसतो, आणि ढाक लागून गेलेली असते. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झाली, कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील विजयी ठरला. या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात, आणि दोहोंचे विजेते शेवटी गादीवर भिडतात. मातीवरून गादीवर येताना छायाचित्रकाराचाही आखाडा बदलतो. माती उजेड पिऊन टाकते. गादी तो परत फेकते, पण स्वतःच्या रंगासकट. त्यामुळे खाली वाकलेल्या पैलवानाच्या हनुवटीवर निळी किंवा पिवळी झाक येते. रॉ फाइल घेतलेली असेल तर ती झाक पुढे निवळता येते.

पुढच्याच वर्षी, मार्च २०२३ मध्ये, पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. मुलींच्या कुस्तीचे फोटो काढणाऱ्याने आणि निवडणाऱ्याने एक पथ्य कटाक्षाने पाळावं: जो फोटो ती खेळाडू आपल्या घराच्या भिंतीवर आनंदाने लावेल, तोच छापायचा. झटापटीत कसाही कोन मिळतो. बटण दाबणं क्षणाचं काम असतं, निवड मात्र विचाराने करता येते. चेहरा दिसणं हेच कुस्तीत सगळ्यात अवघड, कारण दोन्ही डोकी खाली असतात आणि पंच मध्ये येतात. गादीच्या पातळीला, पोटावर पडून किंवा मांडी घालून बसलेल्यालाच ते डोळे दिसतात.

कबड्डीत जागा मध्यरेषेच्या टोकाला घ्यावी. चढाई करणारा पकडीतून सुटून रेषेकडे झेप घेतो, बोटं ताणलेली, मागे दोघे-तिघे पायाला लटकलेले. हा कबड्डीचा सर्वोत्तम क्षण आणि तो तिथूनच समोरासमोर दिसतो. काशिलिंग अडके, नितीन मदने असे चढाईपटू देणाऱ्या सांगली जिल्ह्यात प्रकाशझोतातल्या स्पर्धांची कमी नाही. अशा स्पर्धांत झोत बहुधा चार कोपऱ्यांच्या खांबांवर असतात आणि मैदानाचा मध्य तुलनेने काळोखा राहतो, एवढं तपासून मग आयएसओ ठरवावा. खो-खो आता मॅटवर आणि हॉलमध्ये आला आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक इनडोअर स्टेडियममध्येच झाला. खांबाजवळ मारलेला सूर हाच त्याचा फोटो, आणि त्याला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. याबाबतीत सवलत नाही.

उलट वेटलिफ्टिंग. शिकायला सुरुवात करायची तर इथून. बार वर जाताना वेगात जातो, पण जर्क पूर्ण झाल्यावर पंच खूण करेपर्यंत खेळाडूला स्थिर उभं राहावंच लागतं. हात ताठ, पावलं एका रेषेत, सारं शरीर थरथरत असूनही जागच्या जागी. या स्थैर्यात सेकंदाचा १२५वा भागही पुरतो, म्हणजे साध्या ट्यूबलाइटच्या व्यायामशाळेत साध्या कॅमेऱ्याने चांगला फोटो निघू शकतो. बारला हात घालण्याआधी खेळाडू तळव्यांना मॅग्नेशियम कार्बोनेटची पावडर चोळतो, तिचा ढग मागून उजेड असला तर सुरेख उमटतो. असे नियमाने येणारे थांबे प्रत्येक खेळात आहेत: सर्व्हिसच्या आधीचा श्वास, चढाईला निघताना मध्यरेषेला केलेला स्पर्श, उडीचं टोक. ते कुठे येतात हे खेळ जाणणाऱ्याला माहीत असतं. म्हणूनच जिल्ह्यात हॉलमधल्या खेळांचे उत्तम फोटो काढण्याची खरी पात्रता आहे ती निवृत्त खेळाडूंपाशी आणि क्रीडाशिक्षकांपाशी. ज्याने स्वतः दम घातला आहे, त्याला झेप कधी पडणार हे आधी कळतं.

सगळ्यात जास्त फोटो मात्र आज आईवडील काढतात, मोबाइलवर. मोबाइलचा नाइट मोड एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो. उभ्या इमारतीला तो वरदान आहे, पळणाऱ्या मुलीला निरुपयोगी. तो बंद करावा. डिजिटल झूम टाळून शक्य तितकं जवळ जावं, मुलीच्या चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड बांधून घ्यावा, बर्स्ट लावावा, आणि वर सांगितलेल्या थांब्यांची वाट पाहावी. दाणे काढून टाकणारी सॉफ्टवेअर आता फार पुढे गेली आहेत. ॲडोबीने लाइटरूममध्ये २०२३ च्या एप्रिलमध्ये आणलेल्या सोयीने जुने, टाकून दिलेले फोटोही पुन्हा वापरात आले. पण बेताने. जास्त वापरलं की कातडी मेणासारखी गुळगुळीत होते, अंगावरची माती पुसली जाते, आणि तालमीतून माती गेली तर राहिलं काय?

राहिला मुद्दा फोटो जपण्याचा. क्लबांच्या आणि तालमींच्या कपाटांत जुने फोटो सापडतात, पण पाठीमागे काही लिहिलेलं नसतं. कोण खेळतंय, कोणाविरुद्ध, कोणत्या हॉलमध्ये, कोणत्या तारखेला, एवढ्या चार गोष्टी फाइलच्या नावात किंवा आतल्या मजकुरात त्याच रात्री लिहिल्या तर पन्नास वर्षांनी तो फोटो बोलतो. अल्पवयीन खेळाडूंच्या बाबतीत पालकांची आणि प्रशिक्षकांची परवानगीही त्याच वेळी घेऊन ठेवावी. १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. भाषणं आणि सत्कार यांच्या जोडीला त्या दिवशी प्रत्येक तालुक्यात वर्षभरात टिपलेल्या खेळाच्या फोटोंचं एक प्रदर्शन भरवता येईल, आणि त्यासाठी वेगळं अनुदान लागणार नाही.

पुढची पानं अशा क्रमाने जातात. आधी उजेड मोजणं आणि दिवे ओळखणं, मग वेटलिफ्टिंग, कारण तिथे खेळाडू थांबतो. त्यानंतर तालीम आणि गादी, मग बॅडमिंटन, आणि शेवटी कबड्डी व खो-खो. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी वेटलिफ्टिंगच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. आकडे बहुतेक ठिकाणी तीनशे लक्स धरून दिले आहेत. आपल्या हॉलमध्ये उजेड त्याच्या निम्मा असेल तर आयएसओ दुप्पट करावा, दुप्पट असेल तर निम्मा.